मशीनवर आपले रुपये दिसले आणि मी फसले

मंडळी, आत्ताच खालापूरच्या बँकेतून मोहोपाड्याला घरी आलेय. डोकं सुन्न झालंय.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे सिंगापूरला गेलो होतो. तिथे ह्यांना अचानक ॲडमिट करावं लागलं. बिल क्रेडिट कार्डाने भरताना मशीनने विचारलं, डॉलर की रुपये? मी आधीच घाबरलेली. रुपये दिसले आणि माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. दाबलं बटण!

आज कळलं, रुपये निवडले की भाव त्या मशीनवाल्यांचा लागतो, तोही चढा. वर आपल्या बँकेचा चार्ज वेगळाच.

मी खूप हुज्जत घातली. काउंटरवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, “काकू, बटण तुमीच दाबलंत, सही पण तुमचीच हाय. आता काय होणार नाय.”

हॉस्पिटलात होतं नव्हतं ते संपलंय. हे जास्तीचे गेलेले तेवढे हातात असते, तर माझं एकटीचं तिकीट निघालं असतं. लेकीचं बाळंतपण पुढच्या महिन्यात आहे.

बसमध्ये असतानाच तिचा मेसेज आला, “आई, तिकीट काढलंस का गं?”

मी वाचलंय, हे तिला दिसतंय. सांगा, काय लिहू?