माडीच्या फळीतलं भोक

आमच्या अचलपूरच्या घराची माडी सागवानी फळ्यांची. खाली आई, वर मी. जिना बाहेरून. अमरावतीचं ऑफिस करून मी शेवटच्या एसटीनं यायचो आणि परस्पर वर जायचो. डबा तिथंच ठेवलेला असायचा.

एका फळीतली गाठ सुकून निसटली आणि रुपयाएवढं भोक पडलं. वरचा केर थेट आईच्या खाटेवर. खाट सरकव म्हटलं, तर तिनं कानाआडच केलं. तिला ऐकू कमी यायचं हे खरं, पण नको ते तर मुळीच यायचं नाही.

शेवटी मीच कंबर कसली. लाकडाचा भुसा सरसात कालवून भोक बुजवलं. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर भोक जसंच्या तसं. उंदीर असणार, म्हटलं. मग सागवानाच्या तुकड्याची खुंटी तासली, वर जाड, खाली निमुळती, आणि ठोकून बसवली. तीही फळीवर निवांत आडवी पडलेली! दातांची एक खूण नाही. आणि उंदीर खालून अधांतरी खुंटी ढकलेल कसा? मला त्या उंदराबद्दल आदरच वाटायला लागला.

सकाळी खुंटी घेऊन खाली गेलो. कोपऱ्यात आईची जाळी काढायची काठी होती. टोकाला भुसा चिकटून वाळलेला.

“आई, तू काढली?”

“म्याच काढली. तुया लाईट लागला का माह्या वाकळीवर ठिपका पडते. मंग समजते, पोरगा घरी आला. जिन्याचा आवाज मले कुठी आयकू येते?”

मला हसू आलं. भोक तसंच ठेवलं. झाडताना तेवढा त्यावर पाय ठेवायचो.

पुढे माझी बदली अकोल्याला झाली. आईला घर सोडायचं नव्हतं, म्हणून माडी भाड्यानं द्यायची ठरली. निघायच्या आदल्या दिवशी तिनं ती खुंटी माझ्या हातात ठेवली. इतके दिवस जपून ठेवली होती.

“आता ठोक.”

“राहू दे नं. भाडेकरूचा उजेड येईन, तेवढीच सोबत.”

“थेच तं नोको. ठिपका दिसला का मले वाटन, तू आला.”

मी वर जाऊन सरस लावला आणि खुंटी ठोकली. खालून तिनं काठीनं ढकलून पाहिली. पक्की बसली होती.