दाणेवाला आणि दाजी

सांडपाण्याच्या केंद्रात सगळे त्याला दाणेवाला म्हणत. शेंगदाणे विकत नव्हता हो तो! टाकीत जंतूंचे दाणे वाढवायचा, पिवळसर, मोहरीएवढे. एकेका दाण्यात जंतूंचं अख्खं गाव नांदतं. बाहेरच्या थराला हवा लागते, आतल्याला ती नकोच असते, आणि दोघं मिळून पाण्यातलं नत्र आणि स्फुरद फस्त करतात. ते तसंच सुटलं तर खालच्या तळ्यावर हिरवी साय धरते आणि मासे गुदमरून मरतात.

दुपारी टाकीत हवा सोडणारा ब्लोअर थांबला, टाकी शांत व्हायला लागली की दाणेवाला मान वर करायचं टाळायचा. कारण तेव्हा पलीकडच्या कठड्याशी त्याला दाजी दिसायचे. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. त्यांनीच याला इथं चिकटवलेलं. काचेचं नळकांडं उजेडाला धरून ते दाणे बसताना बघत उभे असायचे, अगदी जिवंतपणी बघायचे तसेच. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. बाकी कुणाला ते दिसतात का, हे दाणेवाल्यानं कधी विचारलं नाही. विचारून काय, डोक्यावर परिणाम झालाय म्हणाले असते.

मूळ भानगड पंधरा वर्षांपूर्वीची. दाणे तेव्हा नुकतेच धरू लागले होते. कामाची रीत अशी, की हवा थांबवायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी सोडून द्यायचं. जे लवकर तळाशी बसत नाही ते वाहून जातं, जड दाणे तेवढे राहतात. बसायला दिलेला वेळ आठवड्याला दोनच मिनिटं कमी करायचा, हे दाजींनी दहादा बजावलेलं. पण याला साहेबांपुढे शहाणपणा मिरवायची खुमखुमी! विसाची थेट पाच मिनिटं करून मोकळा झाला. दोन दिवसांत टाकी धुतल्यासारखी रिकामी, सगळा गाळ तळ्यात. पुढच्या काही दिवसांत तळं हिरवंगार झालं आणि मासे उताणे तरंगू लागले.

चौकशीला दाजी उभे राहिले. चूक माझी, म्हणाले. याच्या बायकोला तेव्हा सातवा महिना, नोकरी नवी. दाजींची नोकरी गेली. "घरात एक अक्षर बोलू नकोस," एवढंच त्यांनी याला सांगितलं, आणि हा गडी खुशाल गप्प बसला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, पंधरा वर्षं!

ताईनं मात्र दाजींना कधी सुखानं जेवू दिलं नाही. "तुमचा धांदरटपणा नडला आपल्याला," हे उठता-बसता. दाजी मान खाली घालून घास चिवडत राहायचे, आणि समोर बसलेला मेहुणा आपलं ताट बघायचा.

यंदा भाचीला त्याच केंद्रात नेमणूक मिळाली. कामावर जायच्या आदल्या संध्याकाळी दाणेवाला ताईकडे चहा घेत बसला होता. ताई लेकीचा डबा पुसता पुसता म्हणाली, "नीट काम कर गं बाई. बापासारखी माती खाऊ नकोस."

"नाही खाणार," भाची खाली बघत म्हणाली.

दाणेवाल्यानं चहाचा कप खाली ठेवला. पोरीनंही बापाला नालायक ठरवून टाकलं होतं, आणि ते तिला कधीचंच पाठ झालं होतं.

"ताई, ते दाजींनी नव्हतं केलं. मी केलं," तो म्हणाला. मग त्याला थांबताच येईना. वीस मिनिटं, पाच मिनिटं, साहेब, चौकशी, सगळं एका दमात ओकून टाकलं.

"बाबांना ठाऊक होतं, मामा?" भाचीनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

ताई ओरडेल, कानाखाली आवाज काढेल, अशी त्याची तयारी होती. खरं तर त्याला तेच हवं होतं. पण तिनं हातातला डबा खाली ठेवला.

"शेवटच्या दिवशीसुद्धा मी त्यांना तेच बोलले रे," ती म्हणाली. "तू तिथंच होतास."

होता. उशाशी बसून दाजींना चमच्यानं पाणी पाजत होता.