दत्ताच्या तुकड्यातली बाटली

पार्सल आलं. लाल वाइनची एक बाटली. छापील किंमत दोन हजार शंभर.
जिच्यासाठी तो राबला, ती आली. तो नाही.

माझा धाकटा भाऊ दत्ता. आज तारखेने त्याला जाऊन वर्ष झालं.
तिथीने श्राद्ध गेल्या आठवड्यातच उरकलं. ते होईपर्यंत मी बाटलीला कुणाला हात लावू दिला नव्हता.

चाकणची कंपनी सोडून तो नाशिककडे द्राक्षमळ्यावर गेला. आमचं घर माळकरी. आप्पा म्हणाले, "दारूच्या कामाला गेला." नंतर त्याच्याशी धड बोललेच नाहीत.

मला फोनवर सांगायचा, "अक्का, सिराह नावाचं द्राक्ष आहे. टेकाडावरचा एकच तुकडा माझ्याकडे. त्याची वाइन वेगळी करतात. दुसरीकडचा एक मणी त्यात घालत नाहीत."

"म्हणजे दारूच ना?"

"अगं, दारू ढोसतात. ही आधी हुंगायची, मग घोट तोंडात घोळवायचा. घाई नाही."

"एवढे लाड मी पुरणाचे करत नाही," मी म्हणायचे.

त्याच्या हातची शेवटची तोडणी ह्या बाटलीत आहे. मळ्यावरच्या सोबत्याने आठवणीने पाठवली.

आज सकाळी आप्पांनी हळूच विचारलं, "बरी झालीय का गं त्याची?"
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

माझ्या गळ्यात माळ, मी तोंडाला लावणार नाही. म्हणून हिंजवडीच्या पुतण्याला मुद्दाम बोलावलं. पार्ट्यांना जातो, त्याला कळत असेल.

आमच्या ह्यांनी बुचात स्क्रू पिळला आणि पकडीने ओढलं. अर्धं बूच आत.

"अर्धा तास उघडी राहू द्या. दत्ता सांगायचा."

"गॅस जाईल गं तिचा!"

स्टीलच्या पेल्यात ओतली. वर बर्फ. वर सोडा.

"कशी आहे रे?"

"काकू, एकदम कडक!"

"कडक म्हणजे?"

"म्हणजे... भारी."

"अरे, चव कशासारखी?"

"वाइनसारखी."

हे म्हणाले, "एवढे पैसे, आणि चढत तर नाही."

असा संताप आला!
बापाचा अबोला सोसून माणसाने एक तुकडा जपला. ह्यांनी फरसाणाबरोबर अर्धी संपवली.

बाटली ओढून घेतली आणि ओट्याशी जाऊन हुंगली. वासाला माळ आड येत नाही.
आधी जांभूळ. मागून मिरे, नुकते कुटलेले.
दत्ता म्हणायचा, "अक्का, तुझा मसाल्याचा डबा आठवतो."

नाकाला कळलं. जिभेला काय लागतं, ते कोण सांगणार?
आप्पांना काय सांगू? कडक?

दत्ता, श्रद्धांजली आज नाही वाहत. तुझी कशी झालीय, ते आधी आप्पांना कळू दे.

उरलेली अर्धी फ्रिजच्या दारात आहे, तोंडावर वाटी पालथी घालून. दोन-तीन दिवस टिकते म्हणे. नीट चाखणारं कुणी असेल तर थेरगावला घरी या. सोडा मिळणार नाही.

लांब असाल आणि अशा एकाच तुकड्याची सिराह कधी सावकाश चाखली असेल, तर उलट टपाली दोन ओळी कळवा.
'मस्त' लिहू नका.
आप्पांना वाचून दाखवायचं आहे.