कानाने चाललेली पेढी

आमचे सुभाषचंद शेठ म्हणजे मोठं डोकं! जळगावात आमच्या ओळीत केळीच्या पेढीवर कॉम्प्युटर आणला तो पहिला त्यांनीच, अठ्ठ्याण्णव साली. मी तिथला दिवाणजी, पितांबर. उभा जन्म त्या गादीवर बिलं लिहिण्यात गेला. मशीन चालवायला एरंडोलहून सुगंधाबाई यायची. नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, घर हिच्या पगारावर. "काम पटलं तर दिवाळीला कायम करू," शेठ म्हणाले होते.

चुकीची कळ दाबली की मशीन 'टण्ण' वाजायचं. बाई लाजायची, आवाज बारीक करून टाकायची. शेठला कळलं मात्र, झालं! धुळ्याहून इंजिनिअर आला. त्याने स्क्रीनवरचं आवाजाचं चित्रच काढून टाकलं, वर पासवर्ड घातला. स्पीकरचं गोल बटण शेठनी स्वतः उपटलं आणि दागिन्यासारखं तिजोरीत ठेवलं. "आता चूक झाली की मला आत ऐकू येईल," म्हणाले.

घ्या! दिवसभर टण्ण, आणि टण्ण झालं की आतून शेठचं खाकरणं. बाई दचकून आणखी एक कळ चुकायची. पण जिद्दीची. दसऱ्यापर्यंत हात असा बसला की मशीन एकदम गप्प. मला वाटलं, सुटली बिचारी.

कसली सुटते! शेठ तरातरा बाहेर आले. "काय बाई, सकाळपासून आवाज नाही? झोपा काढता का?" बिलांचा गठ्ठा पुढ्यात होता, पण तो बघायला डोळे उघडावे लागतात. "असंच चाललं तर दिवाळीनंतर येऊ नका."

दुसऱ्या दिवसापासून टण्ण पुन्हा सुरू. मी चष्म्यावरून पाहिलं. बिलं चोख निघत होती, आणि बाई मधूनमधून मुद्दाम चुकीची कळ दाबत होती.

"अहो बाई, हे काय?"

"काय करू आबा, पोट शे ना!"

लक्ष्मीपूजनाला सगळ्या व्यापाऱ्यांसमोर शेठनी तिला कायम केलं. "बाई भारी मेहनती. दिवसभर वाजतंय नुसतं!" मग माझ्याकडे वळले. "दिवाणजी, तुमचं आता वय झालं. आणि खरं सांगू? तुम्ही पेढीवर असता हे कळतसुद्धा नाही. घरी आराम करा."

तळपायाची आग मस्तकात गेली, खोटं कशाला बोलू? उभ्या जन्मात माझी एक चूक त्या माणसाने ऐकली नव्हती.