वादानंतर बोलणारा माणूस

शेजारची आयरिश आजी आता व्हिडिओ कॉलवर हात हलवायला का येत नाही, असं तुम्ही दोघा नातवंडांनी ऑकलंडहून विचारलंत. तुमचा मामा म्हणतो, मुलांना कशाला सांगतेस? पण तुम्हाला अर्धवट कळण्यापेक्षा माझ्याकडून नीट कळलेलं बरं.

इथे आयर्लंडमध्ये, सँडीफोर्डला मामाकडे राहायला आल्यापासून माझी एकच मैत्रीण झाली, ती ही. मामा-मामी ऑफिसला गेले की माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नसतं. राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीतले उमेदवारांचे जाहीर वाद टीव्हीवर सुरू झाले, तेव्हा ती ते बघायला माझ्याकडे चहाला यायची. शाळेत मी वर्षानुवर्षं वादविवाद स्पर्धांची परीक्षक होते. त्या सवयीने उमेदवारांनाही गुण द्यायचे: मुद्दा, मांडणी, खंडन. ती खो खो हसायची आणि लाडाने मला 'लव्ह' म्हणत सांगायची, "अगं लव्ह, त्या बिचाऱ्याला नापास नको करूस, त्याची आई बघत असेल!"

पहिल्या वादात एका उमेदवार बाईंना घरांच्या टंचाईबद्दल विचारलं. ओस पडलेली घरं दुरुस्त करून राहायला द्यावीत, असं त्या म्हणाल्या. आम्हा दोघींनाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र ती तणतणतच आली. "ऐकलंस ना? घरं आधी बाहेरून येणाऱ्यांना देणार म्हणाली!"

"असं कुठे म्हणाली? आपण एकत्रच ऐकलं की."

तिने फोन पुढे केला. गाडीत बसून एक माणूस बोलत होता. प्रत्येक वाद संपला की हा त्याचा 'खरा अर्थ' सांगतो म्हणे. आवाज शांत, जवळजवळ प्रेमळ. मी शेवटपर्यंत ऐकलं. त्या बाईंचं एकही वाक्य त्याने पुरतं ऐकवलं नाही.

मला वाटलं, यात काय अवघड आहे? स्पर्धेत तक्रार आली की आम्ही टेप लावायचो आणि भांडण तिथेच मिटायचं. मी त्या वादाचं रेकॉर्डिंग लावलं. तो प्रश्न, ते उत्तर. मग पुन्हा एकदा. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "कापलंय टीव्हीवाल्यांनी ते."

"पण तू तर इथे, माझ्या शेजारी बसली होतीस!"

"हो गं. तेव्हा माझं नीट लक्ष नसणार."

ती खोटं बोलत नव्हती. मी रेकॉर्डिंग बंद केलं.

शेवटच्या वादाला ती आली, पण एका कानात त्या माणसाचा आवाज घालून; आता तो वाद चालू असतानाच बोलायला लागला होता. उमेदवाराचं उत्तर पुरं व्हायच्या आधीच तिची मान नकारार्थी हलायची. मध्येच तिने विचारलं, "तुला इथे मत देता येतं का गं?"

"नाही. मी इथली नागरिक नाही."

"मग बरंच आहे," ती म्हणाली आणि तिने माझा हात थोपटला. नेहमीसारखाच, मायेने.

त्यानंतर ती आली नाही. निवडणूक झाली, निकालही लागला, पण सकाळी मी कपड्यांच्या घड्या घालते तेव्हा भिंतीपलीकडून तो शांत आवाज अजून येतो. शब्द कळत नाहीत.

आपल्या घराची एक जादा किल्ली तिच्याकडे असते. ती मागून घेऊ, असं मामा दोनदा म्हणाला. मी अजून हो म्हटलेलं नाही.