लाल चिंधीची काठी

अर्डिस ट्वेटला त्या वसंतात तीनदा एकच स्वप्न पडलं. टिनकप शिखरावरची लाकडी खोली धुक्यावर तरंगते आहे, चारी खिडक्यांवरच्या झडपा पंखांसारख्या उचललेल्या, आणि त्यांना दिलेल्या टेकूच्या काठ्यांपैकी एकीला लाल चिंधी. चिंधी हलत असे, वारा मात्र नसे.

तिने ते लाइल प्रूएटला सांगितलं. शिखरांवर बसून वणवे हेरणाऱ्या टेहळ्यांना खेचरांवरून शिधा पोचवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं.

“झोपताना चीज खात जाऊ नकोस,” तो म्हणाला.

अर्डिस बहात्तर वर्षांची. तरुणपणी अकरा उन्हाळे ती टिनकपवर एकटी राहिली. दर पाव तासाने चारी खिडक्यांतून जंगलावर नजर फिरवायची, धूर दिसला की दिशा मोजून कळवायची, विजा कडाडू लागल्या की अंगात वीज उतरू नये म्हणून काचेच्या पायांच्या स्टुलावर उभं राहायचं. पावसानंतर दऱ्यांतून धुक्याचे पुंजके वर येतात. आयडाहोतले टेहळे त्यांना पाणकुत्री म्हणतात. पहिल्याच उन्हाळ्यात तिने एका पाणकुत्र्याला वणवा ठरवलं आणि सहा माणसं दिवसभर चालत त्याच्यामागे गेली. पुढे कित्येक वर्षं गावात कोणी ना कोणी तिला बघून भुंकत असे. तीही उलट भुंकायची.

मग टेहळणीला विमानं आली. खोली बंद झाली, झडपा काढून खिडक्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या, आणि पुढे त्याही कुजत चालल्या. गेल्या वर्षी वनखात्याने कळवलं: पुढच्या वर्षीच्या पहिल्या बर्फाआधी खोली चारी बाजूंनी बंदिस्त झाली नाही, तर हिवाळ्यात ती जाळून टाकू. अर्डिसने जुने मनोरे जपणाऱ्या एका संस्थेकडे अर्ज केला आणि नव्या झडपांपुरतं छोटं अनुदान मिळालं. अट एकच: सगळं मूळ आराखड्याबरहुकूम.

तो आराखडा तिला पाठ होता. तसल्या खोल्या एकाच मापाने कापून, गठ्ठे बांधून, खेचरांवरून शिखराशिखरांवर गेलेल्या. जूनमध्ये तिने तीन बाजूंच्या फळ्या उचकटून मापं घेतली. तिन्ही आराखड्याशी तंतोतंत जुळली. पश्चिमेचे खिळे गंजून घट्ट बसले होते. “चौथी काय वेगळी असणार?” म्हणत तिने ती बाजू सोडून दिली. आराखडा पाठ असलेलं माणूसच अशी चूक करतं.

सप्टेंबरच्या शेवटी झडपा वर पोचल्या. दोन दिवसांत तीन बाजू झाल्या. तिसऱ्या सकाळी खाली ढगांचा समुद्र पसरला होता, डोंगरांची फक्त टोकं वर, आणि उत्तरेकडून शिशासारखं आभाळ सरकत होतं. लाइलने पश्चिमेच्या फळ्या पहारीने काढल्या. दोघांनी झडप वरच्या बिजागऱ्यांवर चढवली आणि खाली सोडली. ती खालच्या पट्टीवर आदळून उघडीच राहिली. फटीत लाइलचा पंजा मावत होता.

“लाकूड फुगलं असेल,” अर्डिस म्हणाली.

“फुगून दोन बोटं लांब? अगं, लाकूड आहे का पाव?”

तिने माप घेतलं, पुन्हा घेतलं. खिडकी ठेंगणी होती. त्या भिंतीचे वासेच आखूड.

लाइलने टोपी मागे सारली. “माझा बाप सांगायचा, हे बांधताना एक खेचर गठ्ठ्यासकट घळीत गेलं, मग उरलेल्या तुकड्यांवर भागवलं. मला वाटायचं, फेकतोय म्हातारा.”

अर्डिस खोलीभोवतीच्या सज्ज्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. अकरा उन्हाळे रोज सकाळी ती सगळ्या काठ्यांतून लाल चिंधीची काठी हुडकून काढत असे आणि पश्चिमेच्या झडपेला लावत असे. ती काठी बाकीच्यांपेक्षा आखूड होती. चिंधी तेवढ्यासाठीच बांधलेली. हात हे जाणत होते, डोक्याने कधी विचारलंच नव्हतं.

“करवत दे,” ती म्हणाली.

“आणि आराखड्याबरहुकूमचं काय? अनुदान परत मागतील.”

“मागू देत. उघडी राहिली तर जाळतील.”

त्या राखीव जंगलात यंत्राला बंदी. हातकरवतीने दोघांनी आळीपाळीने झडप कापली, तिची खालची आडपट्टी नव्याने स्क्रूने बसवली. एक काठीही दोन बोटं आखूड केली. लाइलने गळ्यातला लाल रुमाल सोडला, नाक शिंकरलं आणि तो तिच्या हातात दिला.

“धुऊन घे हं.”

“तुझ्यावर अकरा उन्हाळे विसंबून राहिले, हे नवलच,” असं म्हणत तिने एक कोपरा फाडून काठीला बांधला.

अहवाल तिने तिथेच, मांडीवर, पेन्सिलीने लिहिला: ‘पश्चिमेची झडप आराखड्यापेक्षा दीड इंच आखूड. खोली अशीच होती. जूनमध्ये माप घेतलं नाही, ही चूक माझी.’

पहिला हिमकण कागदावर पडला तेव्हा तिने वही मिटली. खोलीत लाल चिंधीची काठी इतर काठ्यांच्या वर ठेवली. लाइलने बाहेरून पश्चिमेची झडप सोडली. ती पट्टीवर टेकली, आवाजही झाला नाही. आत अंधार झाला. अर्डिस गादी नसलेल्या खाटेवर जरा आडवी झाली. बंद झडपांतूनही चारी दऱ्या तिला ओळीने दिसत होत्या, आणि पश्चिमेच्या घळीतून एक पाणकुत्रं हळूहळू वर येत होतं.

बाहेर लाइल भुंकला. खेचरं निघायला तयार होती.