पायऱ्या जातात कुठं?

शहराच्या कडेला मॉल उघडला तेव्हा माझी बारावी नुकतीच झाली होती. मला तिथं नोकरी लागली. कामाचं स्वरूप सांगितल्यावर आई हसतच सुटली. सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि घाबरणाऱ्या माणसांना वर चढवायचं, एवढंच माझं काम.

पण गरज होती त्याची. सुरुवातीला करकंब, माढ्याकडून लोक जीप करून यायचे. खरेदीला कमी, जिना बघायला जास्त. "पदर सावरा, पिवळ्या रेघेवर पाय नको, कठड्याला धरा," हे मी दिवसभर म्हणायचे. शहरातल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरांतल्या बायकांसाठी तेच तेलुगूतही शिकून घेतलं. मला लोकांचे पाय बघायला आवडायचं. मिशीवाले धिप्पाड गडी पायरीशी अडायचे आणि चिमुरड्या पोरी बिनधास्त निघून जायच्या.

एक दिवस करकंबच्या एका आजींनी जिन्यापाशी चपला काढून हातात घेतल्या.

"चपला घाला की आजी, पाय अडकंल."

"यवढं चकचकीत हाय, त्याच्यावर चपला घालून कसं जायाचं?"

शेवटी घातल्या. माझं मनगट घट्ट धरून त्या वर आल्या आणि तिथंच वाकून बघत राहिल्या. "ह्या पायऱ्या जात्यात कुटं गं?"

"खाली जातात."

"खाली कुटं? आन परत कशा येत्यात?"

चार महिने मी त्या जिन्यापाशी उभी होते आणि हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मॅनेजरना विचारलं, तर ते म्हणाले, "तुला काय करायचंय?"

दोन-तीन वर्षांत गर्दी ओसरली. लोक हिंडून, गार हवा खाऊन जायचे आणि लग्नाचा बस्ता मात्र गावातल्या ओळखीच्या दुकानातच बांधायचे. आधी कपड्यांचं मोठं दुकान गेलं, मग वरची खाण्याची दुकानं. मग जिना बंद पडला. दुरुस्तीला पुण्याहून एक मेकॅनिक काका आले. त्यांनी तळाचं झाकण उचललं तशी मी शेजारी जाऊन बसले.

"बघायचंय? मग बॅटरी धर," ते म्हणाले.

आत काळ्या तेलात माखलेली जाडजूड साखळी होती. काकांनी जिना जरासा फिरवून दाखवला, तशा पायऱ्या वळसा घेऊन, उलट्या होऊन खालून माघारी जायला लागल्या. तळाच्या ताटलीत पिना, गुंड्या, एक जोडवंही सापडलं. मी एवढे प्रश्न विचारले की काका म्हणाले, "आयटीआय का करत नाहीस तू?"

घरी दोन दिवस वाद झाला. पण मी फॉर्म भरला. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. मॉलमधलं शेवटचं दुकान बंद झालं तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. आता मी लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करते.

मागच्या महिन्यात त्या इमारतीत गेले होते. वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका झालीय. पोरंपोरी डबे उघडून जेवत बसली होती. जिना काढून तिथं साध्या सिमेंटच्या पायऱ्या बांधल्यात. त्या संख्येनं कमी आहेत, त्यामुळे जरा उंच झाल्यात. चढताना दम लागतो.